ज्याची त्याची गोळी

घ्या, चहा घ्या. साखर कमी झाली असली तर आधीच सांगा, कारण माझ्या हातून साखर कमी होण्याचा इतिहास फार वाईट आहे. हसताय काय? एका धडधाकट माणसाला मी जवळजवळ वर पोचवलं होतं. भांडून नाही हो, सेवा करून. भांडणाने माणूस मरत नाही, उलट ताजातवाना राहतो, हे मला फार उशिरा कळलं.

माणूस म्हणजे माझे सासरे, अण्णा. रत्नागिरी बंदरात पडावावर तांडेल होते. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना पडावात उतरवून किनाऱ्याला आणायचं, हे त्यांचं काम. जन्मभर वाऱ्यावर ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की घरात जेवताना "मीठ आण" म्हणाले तर शेजारच्या घरातून मीठ यायचं. आणि स्वभाव आवाजाला शोभेल असा. बांगडा तळला तर करपला, नाही करपला तर कच्चा. सासूबाई आधीच गेलेल्या, हे कचेरीत जायचे, म्हणजे दिवसभर मांडवीतल्या त्या घरात मी आणि तो आवाज.

गोष्ट त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची. अण्णांना साखरेचा विकार निघाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक पांढरी गोळी दिली, गोड बंद केलं, विषय संपला. संपायला हवा होता. पण माझा धाकटा दीर बाळू मुंबईत. त्याच्या मनाने घेतलं, आपले वडील आणि गावच्या डॉक्टरच्या हातात? तो अण्णांना मुंबईला घेऊन गेला आणि मोठ्या डॉक्टरला दाखवलं. मोठ्या डॉक्टरने विचारलं, आधीचं काही औषध चालू आहे का? बाळूने सांगितलं, "नाही हो, गावाला कसलं औषध."

झालं. अण्णा परत आले ते साखरेची एक पिवळट गोळी आणि ब्लडप्रेशरची एक गोळी घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, साखरेच्या दोन दोन गोळ्या कशाला द्यायच्या? मी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या होत्या हो. मॅट्रिक आहे मी. नावं निराळी, रंग निराळे, कंपन्या निराळ्या. म्हणजे औषधंही निराळी, नाही का? ही साखर एका बाजूने उतरवणार, ती दुसऱ्या बाजूने.

मग आमच्या डॉक्टरांना विचारायचं होतं, असं म्हणाल. कुठल्या तोंडाने विचारू? "तुमच्यावर भरवसा नव्हता म्हणून मुंबई गाठली" असं सांगू? त्यांनी माझी दोन बाळंतपणं सांभाळलेली. बरं, बाळूची गोळी न देऊन चालेल? तो मे महिन्यात येणार, बाटली उचलणार आणि खुळखुळ हलवून बघणार. भरलेली निघाली की वहिनीने आम्ही पाठवलेल्या औषधाला किंमत दिली नाही, असं व्हायचं. आमच्याकडे नियम साधा आहे. नणंदेने दिलेली साडी ती आली की नेसायची, जावेने पाठवलेलं लोणचं तिच्या पानात वाढायचं, आणि ज्याने पाठवलं त्याचा मान राखायचा. हाच नियम मी गोळ्यांना लावला. इथेच माती खाल्ली.

नणंद सुमन ठाण्याला. ती गणपतीत आली तेव्हा तिने पर्समधून एक बाटली काढली.

"माझ्या सासूबाईंच्या आहेत, वहिनी. झोपेच्या आणि मन शांत करायच्या. अर्धी बाटली उरली, टाकवेना."

"उरली कशी?" मी विचारलं.

"अहो, त्या गेल्या ना आषाढात."

"ह्या घेऊन?"

"ह्या घेत होत्या म्हणून तर शांतपणे गेल्या. अण्णांना द्या, त्यांचा चिडचिडेपणा जाईल."

चांगलं औषध फुकट कसं घालवायचं? शिवाय नणंदेचा मान. रोज रात्री एक चालू झाली. ती बाटली संपायच्या आत सुमनने येणाऱ्याबरोबर नवी पाठवली, म्हणजे मान वाढला तशी गोळीही वाढली. सकाळची एक, रात्रीची एक.

शेजारी हमीदाबी. तिचे सासरे दाऊदचाचा हे अण्णांचे पडावावरचे जन्माचे जोडीदार. हमीदाबीचा मुलगा कुवेतला. अण्णांचे गुडघे दुखतात हे ऐकून त्याने लाल-काळ्या कॅप्सूल धाडल्या, काय चकाकी त्यांची! इतक्या लांबून, समुद्र ओलांडून आलेली वस्तू, नाही कशी म्हणणार? त्यांनी अण्णांचं पोट जळायला लागलं. मग पोटासाठी एक पांढरं पातळ औषध आणलं. त्याने पोट साफ होईना. मग त्यासाठी एक चूर्ण.

औषधांची नावं अण्णांच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही सोपी केली. ही डॉक्टरांची, ही बाळूची, ही सुमनची, ही कुवेतची. अण्णा विचारायचे, "सुमी झाली का? बाळू राहिला वाटतं." सगळी मुलंबाळं पोटात गेल्याशिवाय त्यांना चहा मिळायचा नाही. बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात मी सगळं लावून ठेवलं होतं आणि सांगायला अभिमान वाटायचा, एक वेळ चुकली नाही. मला ताप होता तेव्हाही नाही.

आणि गुण आला की हो! अण्णा शांत झाले. आधी आवाज खाली आला, मग शब्द कमी झाले. बांगडा करपलेला असो, कच्चा असो, समोर ठेवला की खायचे. नाही ठेवला तर मागायचे नाहीत. दिवसभर पडवीत खुर्चीवर बसून समोरच्या दगडी गडग्याकडे बघायचे. दोनदा पायरीवरून पडले, एकदा मनगट प्लास्टरमध्ये गेलं. आम्ही म्हटलं, वय झालं. नातवंडांची नावं विसरायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. वय म्हटलं की कसं सगळं बसतं, आणखी काही बघावं लागत नाही.

त्या थंडीत दाऊदचाचा गेले. आम्ही अण्णांना धरून पलीकडे नेलं, त्यांच्या जोडीदाराजवळ बसवलं. अण्णांनी बघितलं आणि थोड्या वेळाने मला विचारलं, "चहा झाला का?" लोक हळूच म्हणाले, काय ही विरक्ती, साधुपुरुष झाले तांडेल. आणि वरच्या आळीतल्या काशीमावशी मला चारचौघांत म्हणाल्या, "सेवेने माणूस असा निवळतो हो. सून असावी तर शालनसारखी." मी मान खाली घातली आणि म्हटलं, "कर्तव्य आहे माझं." आतून काय फुलले होते म्हणून सांगू.

मग आला श्रावण. सोमवारचा उपास अण्णांनी कधी चुकवला नव्हता, आणि बाकी सगळं विसरले तरी तो विसरले नाहीत. एरवी उपासाला साबुदाण्याची खिचडी. पण मी वाचलं होतं की साबुदाणा साखर वाढवतो. म्हणून खिचडी बंद. रताळं गोड, तेही बंद. सकाळी पेलाभर ताक दिलं. आणि औषधं? औषधाने उपास मोडत नाही, हे काय मला कोणी शिकवायला हवं? डॉक्टरांची दिली, बाळूची दिली, सगळ्यांचा मान राखला.

दुपारी कपडे वाळत घालून आत आले तर पडवीतून आवाज. तोच, वर्षभर न ऐकलेला.

"बाईमाणसाला आधी धर! ट्रंक मागनं! दोर सोड म्हणतो ना, लाट येत्ये!"

मी धावत गेले. अण्णा खुर्चीच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभे, अंगातून पाणी नुसतं गळतंय, डोळे भलतीकडे. मला म्हणाले, "तुझं तिकीट कुठाय?" मी म्हटलं, "अण्णा, मी शालन." म्हणाले, "शालन असो नाहीतर कोण असो, तिकिटाशिवाय पडावात पाय ठेवायचा नाही." आणि तिथेच खाली कोसळले.

हसू नका. म्हणजे हसा, मीही आता हसते. तेव्हा मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हाक मारली, तर ओ नाही. हात लावला तर अंग गार. हे जेवायला घरी आले होते, ते तसेच डॉक्टरांकडे पळाले. डॉक्टर आरे-वारेच्या बाजूला कुणाकडे तरी गेलेले, कधी येतील सांगता येईना. तिथून हे पोस्टात गेले आणि बाळूला नि सुमनला तार केली. तोवर हमीदाबी आली, काशीमावशी आल्या. काशीमावशींनी आमच्या भागातली झाडून सगळी मरणं बघितलेली. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि मान हलवली.

"तुळस आण गो. आणि गंगा आहे का घरात?"

गंगेचा गडू होता, पण त्याचं तोंड काही उघडेना. मी विळीच्या टोकाने खरवडत्ये, रडत्ये, पुन्हा खरवडत्ये. तेवढ्यात अण्णांचे ओठ हलले. काशीमावशींनी कान जवळ नेला.

"गोड मागताहेत," त्या म्हणाल्या. "दे. जाणाऱ्या माणसाला अतृप्त ठेवू नये."

रत्नागिरीत राहून त्या उन्हाळ्यात मी त्यांना आंब्याची फोड दिली नव्हती. बाळूच्या मुलांसाठी साखर घालून आटवलेला रस मात्र बरणीत भरून ठेवला होता, अण्णांना दिसू नये म्हणून पिंपामागे. बरणी काढली. बोटाने रस त्यांच्या हिरड्यांना लावला, ते गिळताहेत असं दिसल्यावर चमच्याने थोडा थोडा घातला. मनात म्हणत होते, अण्णा, माफ करा, एवढ्यासाठी मी तुम्हाला तरसवलं.

आणि अण्णांनी डोळे उघडले.

"दिवा विझायच्या आधी मोठा होतो," काशीमावशी म्हणाल्या. "चालू ठेव."

मी चालू ठेवलं. अण्णा उठून बसले. बरणी माझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाले, "हा कुठे लपवला होतास?" हमीदाबी अल्लाचं नाव घेऊन रडायला लागली. मी रडायला लागले. काशीमावशींचा चेहरा मात्र जरा उतरला. एवढ्या लांब आल्या होत्या हो बिचाऱ्या.

इथे थांबले असते तर आज ही गोष्ट देवाच्या कृपेची झाली असती. पण मी चांगली सून ना!

संध्याकाळी उपास सुटला, अण्णा दोन घास वरणभात जेवले. आणि माझ्या डोक्यात विचार आला. अर्धी बरणी रस गेला आहे पोटात, साखर भडकली असणार. मेलेला माणूस देवाने परत दिला आणि आता माझ्या हलगर्जीपणाने साखर वाढून जायचा. म्हणून मी रात्रीची डॉक्टरांची दिली, बाळूची दिली, आणि खबरदारी म्हणून दोन्ही आणखी एकेक दिल्या. दगदग झाली म्हणून सुमनचीही दिली. अण्णा विचारत होते, "बाळू दोनदा कसा आला?" मी म्हटलं, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

पहाटे त्यांना उठवायला गेले तर अंग पुन्हा गार, पुन्हा घामाने चिंब. ह्या वेळी ओठही हलत नव्हते. रस तोंडात घातला तो बाहेर आला.

रातराणीने बाळू आणि सुमन दारात आले ते एकदम गळा काढूनच. त्यांच्यामागोमाग आमचे डॉक्टर आले. त्यांनी अण्णांना बघितलं, हात सरळ केला आणि शिरेत भलीमोठी सुई खुपसली. ग्लुकोज होतं. सुई बाहेर निघाली नसेल तोवर अण्णांनी डोळे उघडले, आणि डॉक्टरांना बघून म्हणाले, "दुखतंय ना."

डॉक्टरांनी घाम पुसला. "साखर पार तळाला गेली होती. काय काय देता यांना?"

मी बिस्किटांचा डबा आणला. उघडला आणि अभिमानाने, हो, अजून अभिमानाने, ओळख करून द्यायला लागले. "ही तुमची. ही बाळूची. ही सुमनची, ही कुवेतची..."

"औषधाचं नाव सांगा," डॉक्टर म्हणाले. "नातं नको."

मग त्यांनी स्वतःच एकेक बाटली उचलून वाचली. पांढरी आणि पिवळट समोरासमोर ठेवल्या. "ही आणि ही एकच आहे. नुसते कपडे निराळे. दुप्पट औषध जातंय यांच्या पोटात, आणि तेही उपाशीपोटी." सुमनची बाटली तर त्यांनी दोनदा वाचली. "आणि ही दोन वेळा? म्हणजे माणूस वर्षभर जागाच नव्हता."

"कोण देतं औषधं?" त्यांनी विचारलं.

बाळूला अजून काही उमगलं नव्हतं. तो म्हणाला, "आमची वहिनी. डॉक्टर, एक डोस चुकवत नाही."

"चुकवला असता तर उपकार झाले असते," डॉक्टर म्हणाले.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. बाळू खाली बघत राहिला. सुमनने मात्र पदर खोचला. "माझ्या सासूबाई घेत होत्या त्या. मी काय बापाला विष पाठवीन?" आणि ती जी रुसली, ती त्या डॉक्टरांवर कायमची रुसली. तिचं म्हणणं, डॉक्टर गावचाच, त्याला काय कळतंय.

दोन दिवस अण्णांना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी साखरेची एक गोळी ठेवली. सुमनच्या गोळ्या हळूहळू उतरवल्या, बाकी सगळं बंद. ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा, कारण प्रेशर मुळात एवढं नव्हतंच, मुंबईला जाताना एस्टीत बाळूशी भांडण झालं होतं म्हणून चढलं होतं.

आणि अण्णा परत यायला लागले. आधी नातवंडांची नावं आली. मग चालताना भिंत धरायचं सुटलं. मग एक दिवस पानावरून ऐकू आलं, "हा बांगडा काय चितेवर भाजलान?" मी चुलीपाशी बसून हसले आणि रडले.

पण त्याच आठवड्यात अण्णा एका सकाळी उठले, धोतर नीट केलं, एकटे गडगा ओलांडून हमीदाबीच्या अंगणात गेले आणि हाक मारली, "दाऊद, चल रे बंदरावर."

हमीदाबी बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं. मी जाऊन अण्णांचा हात धरला आणि सांगितलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"थंडीत."

"आणि मला कोणी सांगितलंन नाही?"

"सांगितलं होतं, अण्णा. तुम्ही त्यांच्या उशाशी बसला होतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग तिथेच पायरीवर बसले आणि तो एवढा मोठा आवाजाचा माणूस तोंडात धोतराचा सोगा धरून रडला, आवाज न करता. लोक ज्याला विरक्ती म्हणाले होते ती माझ्या डब्यातली होती. एका म्हाताऱ्याचं एक अख्खं वर्ष आणि त्याच्या मित्राचं मरण मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं, तेही पाण्याच्या पेल्याबरोबर, वेळेवर. त्या दिवशी मला स्वतःची जी किळस आली ती अजून पुरती गेलेली नाही. घ्या, तुमचा चहा निवतोय.

पुढच्या मे महिन्यात सगळी मुंबईची मंडळी आली. अण्णा आता स्वतः बाजारात जायचे, कोळणीशी भांडायचे, घरी येऊन माझ्याशी भांडायचे. एका सकाळी ते मासे आणायला गेले होते. सुमन पडवीत काशीमावशींपाशी बसली होती, मी आत नारळ खवत होते. तिला वाटलं मला ऐकू जात नाही.

"पूर्वी वहिनी किती करायच्या हो अण्णांचं," सुमन म्हणत होती. "हातात पाणी, हातात गोळी. अण्णाही कसे शांत, तृप्त असायचे. आता बघा, दिवसभर ओरडत असतात. गोळी म्हणाल तर एकच, तीसुद्धा बिचारे स्वतःच्या हाताने घेतात. लक्षच उडालंय वहिनींचं."

"हो गो," काशीमावशींनी सुस्कारा सोडला. "तेव्हाची शालन राहिली नाही."

माझा हात खवणीवर थांबला. माणूस मरत होता तेव्हा मी सती सावित्री, आणि तो जगला तर मी नालायक! उठून चार शब्द सुनवावेत म्हणून पदर खोचला, तेवढ्यात पायरीवर पिशवी आपटल्याचा आवाज आला. अण्णा आले होते, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, चला, आपली बाजू घ्यायला कोणी तरी आलं. अण्णा बोलले, म्हणजे त्यांच्या आवाजात बोलले, म्हणजे साऱ्या मांडवीने ऐकलं.

"सुमे, हिने लक्ष दिलंन ते वर्ष मला आठवतसुद्धा नाही. आता दुर्लक्ष करत्ये ना, तर करू दे. मला अजून जगायचंय."